जगातले सर्वोत्तम सिनेमे आणि त्यांची यादी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमची एक छोटीशी फिल्म सोसायटी आहे. महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो आणि तो संपला की खुर्च्या उचलून होईपर्यंत एक वाद ठरलेला असतो: "हा जगातल्या पहिल्या शंभरात कसा काय बसला?" प्रश्न फिरून फिरून तेच येतात आणि उत्तरं द्यायला बहुतेक वेळा मीच सापडतो, म्हणून एकदाची लिहून काढली. मी समीक्षक नाही. कुणी माझ्याकडे मत मागितलेलं नाही. ऐन वेळी प्रोजेक्टरची वायर शोधणारा माणूस, एवढीच माझी पात्रता.

"यादी, यादी" म्हणता ती नक्की कुठली?

याद्या ढिगाने आहेत. पण सिनेमावाले नुसतं "यादी" म्हणतात तेव्हा बहुधा 'साइट अँड साउंड'ची असते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं हे मासिक १९३२ मध्ये सुरू झालं. १९५२ पासून ते दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांना विचारतं की तुमच्या मते आजवरचे सर्वोत्तम दहा सिनेमे कोणते. शेवटची म्हणजे आठवी यादी २०२२ ची. कुंभमेळा बारा वर्षांनी भरतो, हा दहा वर्षांनी. भांडणं साधारण तेवढीच.

मतं मोजतात कशी?

फार सोपं आहे. प्रत्येकाने दहा नावं द्यायची. त्यातलं पहिलं कोणतं, दहावं कोणतं याला मोजणीत काही किंमत नाही. नाव आलं की एक मत. "सर्वोत्तम" म्हणजे काय, हेही मासिक सांगत नाही. इतिहासाला वळण देणारा सिनेमा म्हणा, कलाकृती म्हणून श्रेष्ठ म्हणा, नाहीतर तुमचं डोकं फिरवणारा म्हणा, ज्याचं त्याने ठरवायचं.

मला विचाराल तर निम्मी भांडणं इथेच जन्माला येतात. एक जण परीक्षकाच्या खुर्चीत बसून मत देतो, दुसरा प्रेमपत्र लिहितो, आणि दोघांची मतं एकाच पेटीत पडतात.

म्हणजे पहिला आलेला सिनेमा बहुसंख्य समीक्षकांना सर्वोत्तम वाटतो ना?

नाही. हा मुद्दा मी दर वेळी पाठीमागच्या फळ्यावर खडूने लिहून दाखवतो.

२०१२ मध्ये ८४६ जणांनी मतं दिली. पहिल्या आलेल्या 'व्हर्टिगो'ला १९१ मतं मिळाली, म्हणजे साधारण २३ टक्के. उरलेल्या ६५५ जणांनी त्याला पहिला सोडाच, आपल्या दहातही घेतलं नव्हतं. दुसऱ्या 'सिटिझन केन'ला १५७ मतं, तिसऱ्या 'टोकियो स्टोरी'ला १०७. आणि त्या ८४६ जणांनी मिळून नावं घेतली ती दोन हजारांहून जास्त वेगवेगळ्या सिनेमांची.

१९५२ मध्ये हेच चित्र जरा घट्ट होतं. ६३ समीक्षकांनी उत्तरं पाठवली आणि पहिल्या सिनेमाला २५ मतं पडली, म्हणजे जवळपास ४० टक्के. मतदार वाढले तशी एकवाक्यता पातळ होत गेली. ताकात पाणी वाढवावं तशी.

तेव्हा यादीचं खरं नाव "दहा नावांत सर्वांत जास्त वेळा आलेले सिनेमे" असं हवं. ते कुणी मुखपृष्ठावर छापणार नाही, हे मला कळतं.

आतापर्यंत पहिला नंबर कुणाकुणाला मिळाला?

सत्तर वर्षांत फक्त चार सिनेमांना. १९५२ मध्ये व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्ज'ला. १९६२ ते २००२ अशा सलग पाच खेपा ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'ला. २०१२ मध्ये हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'ला. आणि २०२२ मध्ये शांताल अकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या 'झान डीलमान, २३ के द्यु कॉमर्स, १०८० ब्रसेल्स' या सिनेमाला. हो, नाव म्हणजे बाईचा अख्खा पत्ता आहे, पोस्टाच्या क्रमांकासकट. आपल्याकडे कुणी सिनेमाचं नाव "अमुक तमुक, सदाशिव पेठ, पुणे ३०" असं ठेवलं तर कसं वाटेल, तसं.

पहिल्या यादीतली एक गंमत सहज निसटते. १९५२ मध्ये 'बायसिकल थीव्ज' अवघा चार वर्षांचा होता. १९६२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेला अंतोनिओनी यांचा 'लाव्हेंतुरा' तर दोनच वर्षांचा. "हल्ली यादीत कालपरवाचे सिनेमे घुसवतात" असं म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं वहीत लिहून ठेवावीत.

'बायसिकल थीव्ज'चा आपल्याशी काही संबंध?

आहे आणि थेट आहे. सत्यजित राय १९५० मध्ये जाहिरात कंपनीच्या कामासाठी लंडनला गेले असताना त्यांनी तो पाहिला आणि आपण सिनेमा करायचा, तो असा करायचा, हे तिथे पक्कं झालं. दोन वर्षांनी, जानेवारी १९५२ मध्ये, मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. आज गोव्यात होतो तोच. तिथेही 'बायसिकल थीव्ज' दाखवला गेला. बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. रिक्षा ओढणारा बलराज साहनी आठवा आणि मग रोमच्या रस्त्यांवर सायकल शोधत फिरणारा बाप बघा.

समीक्षकांनी त्याला पहिलं ठरवलं त्याच वर्षी मुंबईतल्या प्रेक्षकांनी तो पाहिलेला होता. असा योग नंतर फारसा आला नाही.

'सिटिझन केन' पन्नास वर्षं पहिला कसा राहिला?

सिनेमा जबरदस्त आहे, हे आधी कबूल करू. वेल्स तेव्हा पंचविशीत होते. कॅमेरामन ग्रेग टोलंड यांनी पुढचं माणूस आणि मागचं दार एकाच वेळी स्पष्ट दिसेल असं छायाचित्रण केलं. कॅमेरा इतका खाली ठेवला की खोल्यांची छतं दिसायला लागली. शिकवायला सोयीचा सिनेमा आहे. कुठेही थांबवा, दाखवण्यासारखं काहीतरी असतंच.

पण १९५२ च्या यादीत तो पहिल्या दहात नव्हता. १९४१ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्यात पैसे बुडाले होते. वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांना ती आपलीच गोष्ट वाटली आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी सिनेमाची जाहिरातसुद्धा घेतली नाही. ऑस्करची नऊ नामांकनं मिळाली, हाती आलं एकच, पटकथेचं. युद्धामुळे फ्रान्समध्ये तो पोहोचला १९४६ मध्ये. मग तिथल्या तरुण समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. पन्नासच्या दशकात 'केन' काढणाऱ्या आरकेओ कंपनीने आपला जुना साठा टीव्हीला विकला आणि अमेरिकेतल्या घराघरांत तो दिसायला लागला. १९६२ मध्ये तो पहिला आला.

मधल्या दहा वर्षांत सिनेमा बदलला नव्हता, तो बघणारे वाढले होते. मला या याद्यांतून सगळ्यांत जास्त हेच वाचावंसं वाटतं: कोणत्या काळात कुणाला काय बघायला मिळालं.

मग 'व्हर्टिगो'चंही तसंच का?

इथे माझा मुद्दा थोडा घसरतो, आणि ते सांगितलेलं बरं. 'व्हर्टिगो' १९५८ चा. तेव्हा त्याला संमिश्र प्रतिसाद मिळाला. पुढे हक्क हिचकॉक यांच्याकडे आले आणि आपल्या आणखी चार सिनेमांबरोबर त्यांनी तोही चलनातून काढून घेतला. कित्येक वर्षं तो कुठे लागतच नव्हता. हिचकॉक १९८० मध्ये गेले, सिनेमा पुन्हा थिएटरांत आला १९८३ मध्ये. आणि तरी १९८२ च्या यादीत तो सातवा आहे!

म्हणजे न दिसण्यानेही सिनेमा मोठा होतो. ज्यांनी तरुणपणी पाहिला होता ते आठवणीने सांगत राहिले. आपल्याकडे जुनी माणसं बालगंधर्वांच्या गाण्याबद्दल बोलतात ना, "तुम्ही ऐकलंच नाहीत हो", तो प्रकार. अर्थात पुढची चढण मात्र सिनेमा उपलब्ध झाल्यावरची आहे: १९९२ मध्ये चौथा, २००२ मध्ये दुसरा, 'केन'पेक्षा फक्त पाच मतांनी मागे, आणि २०१२ मध्ये पहिला. मधे १९९६ मध्ये त्याची डागडुजी करून नवी प्रतही निघाली होती.

साडेतीन तास एक बाई बटाटे सोलते, तो जगातला सर्वोत्तम सिनेमा? खरंच?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि बहुतेकदा सिनेमा न बघितलेल्यांकडून येतो.

आधी माहिती. सिनेमा १९७५ चा, लांबी २०१ मिनिटं. अकरमान तेव्हा २५ वर्षांच्या होत्या. तंत्रज्ञांत जवळजवळ सगळ्या बायका, कॅमेरा बाबेत मांगोल्त यांचा, मुख्य भूमिकेत देल्फीन सेरिग. ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस. सकाळी मुलाचे बूट पॉलिश, मग बाजार, स्वयंपाक. दुपारी एक पुरुष येतो, पैसे देतो, जातो. ते पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात जातात आणि वर झाकण बसतं. खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा बंद. कॅमेरा हलत नाही. बटाटे सोलायचे तर पूर्ण बटाटा सोलून होईस्तोवर आपण बघतो.

आमच्या सोसायटीत हा दाखवला तेव्हा पाऊण तासात अकरा जण उठून गेले. मी दारापाशी बसून मोजत होतो. माझी आई मात्र शेवटपर्यंत बसली. ती आली होती ती मला नंतर गाडीवरून घरी सोडायला सांगता यावं म्हणून. फ्रेंच येत नाही आणि इंग्रजी सबटायटल तिला तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत. दुसऱ्या दिवसाच्या दुपारी, म्हणजे सिनेमातल्या, ती एकदम माझ्या कानाशी म्हणाली, "अरे, झाकण नाही लावलं तिने." मला दिसलंच नव्हतं. पुढच्या मिनिटाला बटाटे जास्त शिजलेले निघाले. ती बाई पातेलं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाते, ते कुठे टाकावं हेच तिला सुचत नाही. आई म्हणाली, "आता काही खरं नाही हिचं."

खुनाच्या सिनेमात पिस्तूल दिसलं की आपण सावध होतो, तशी ती न लावलेल्या झाकणावरून सावध झाली होती. पन्नास वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला सबटायटल लागलं नाही. मी सिनेमावर पुस्तकं वाचलेला, तरी मला ते दाखवून द्यावं लागलं.

तो जगातला पहिला आहे का, मला ठाऊक नाही. माझ्या दहात नसेल कदाचित. पण "बटाटे सोलते" एवढ्यावर जे त्याला उडवून लावतात त्यांना मी आईचा किस्सा सांगतो.

पण तो अचानक पहिला कसा आला? हे राजकारण नाही का?

२०१२ मध्ये तो पस्तिशीच्या आसपास होता, तिथून थेट पहिला. उडी मोठी आहे, शंका येणारच. 'टॅक्सी ड्रायव्हर'चे पटकथाकार पॉल श्रेडर यांनी उघड नाराजी व्यक्त केली. सिनेमा आपल्याला आवडतो, पण असा एकदम पहिला येण्याने त्याचं भलं होणार नाही, असा त्यांचा सूर होता. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, अशी काहीशी तक्रार.

माझं म्हणणं असं: मतदारांची यादी बदलली, हे खरंच आहे, आणि मासिकाने ते लपवलेलं नाही. २००२ मध्ये १४५ मतं होती, २०१२ मध्ये ८४६, २०२२ मध्ये १६३९. त्यात समीक्षकांबरोबर महोत्सवांचे संयोजक, संग्रहपाल आणि प्राध्यापक आले. मतदार बदलले की निकाल बदलतो, हे ग्रामपंचायतीपासून सगळीकडे खरं आहे. मात्र मग जुना निकालही त्या वेळच्या मतदारांचाच होता, हे मान्य करावं लागतं. २०१२ च्या शंभरात बाईने दिग्दर्शित केलेले फक्त दोन सिनेमे होते, हा आणि क्लेअर डेनी यांचा 'बो त्राव्हाय'. २०२२ मध्ये असे अकरा झाले. अकरा आले हे राजकारण असेल, तर आधी दोनच होते त्याला काय म्हणायचं? त्यावर आमच्याकडे अजून कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. एका काकांनी विषय बदलून चहा मागवला.

'गॉडफादर' कुठे गेला?

कुठेही गेला नाही, २०२२ मध्ये बारावा आहे. पण मोजणीच्या नियमाने काय होतं ते बघायला हा झकास नमुना आहे. २००२ मध्ये पहिला आणि दुसरा भाग मिळून एकच नाव धरलं होतं आणि ती जोडी चौथी आली. २०१२ मध्ये दोघांना वेगळं केलं. पहिला भाग २१ वर घसरला, दुसरा ३१ वर. २०२२ मध्ये दुसरा भाग शंभरातूनच बाहेर. भाऊ वेगळे राहायला लागले की वाडा लहान होतो, तसं.

त्याच वेळी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', 'रेजिंग बुल' आणि 'चायनाटाउन'ही बाहेर पडले. 'लॉरेन्स'चं मला व्यक्तिशः वाईट वाटलं.

दिग्दर्शकांची वेगळी यादी असते म्हणे?

१९९२ पासून असते. आधी दोनदा तिथेही 'केन'च, मग २०१२ मध्ये ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' आणि २०२२ मध्ये कुब्रिक यांचा '२००१: अ स्पेस ओडिसी'. मी ही यादी जास्त आवडीने वाचतो. समीक्षक सिनेमाकडे पानातला पदार्थ म्हणून बघतो, दिग्दर्शक चूल कशी पेटवली ते बघतो.

भारतीय सिनेमा कुठे आहे?

२०२२ च्या शंभरात एकच, 'पथेर पांचाली', ३५ वा. २०१२ मध्ये ४२ वा होता. १९९२ मध्ये मात्र तो पहिल्या दहात होता, सहाव्या जागेवर इतरांच्या बरोबरीने. त्याच वर्षी मार्चमध्ये राय यांना मानद ऑस्कर मिळालं होतं आणि एप्रिलमध्ये ते गेले. जगभर त्यांच्याबद्दल लिहिलं, बोललं जात होतं. याचा मतांवर परिणाम झाला नसेल असं मला वाटत नाही.

पुढची गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि त्यात 'पथेर पांचाली' धरून राय यांच्या अपू या नायकाच्या तिन्ही सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह भाजल्या. होरपळलेली रिळं जपून ठेवली गेली. वीसेक वर्षांनी इटलीतल्या बोलोन्यात कारागिरांनी ती हाताने दुरुस्त केली, जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे इतर प्रतींचा आधार घेतला, आणि २०१५ मध्ये नवी प्रत पडद्यावर आली. २०१२ पेक्षा २०२२ मध्ये तो सात जागा वर आहे. नव्या प्रतीमुळेच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ज्यांनी आधी धुरकट, खरखरत्या प्रतीत पाहिला होता आणि मग ही पाहिली, त्यांना विचारा.

आणि मराठी?

एकही नाही. इतकंच कशाला, फिप्रेस्की या आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने २०२२ मध्ये आपल्या ३० सदस्यांची मतं घेऊन सर्वोत्तम दहा भारतीय सिनेमे काढले, त्यातही मराठी नाही. 'पथेर पांचाली', 'मेघे ढाका तारा', 'भुवन शोम', 'एलिप्पत्तायम', 'घटश्राद्ध', 'गर्म हवा', 'चारुलता', 'अंकुर', 'प्यासा' आणि 'शोले'. बंगाली तीन, हिंदी पाच, मल्याळम आणि कन्नड एकेक.

इथे आमच्याकडे आवाज चढतात. "आमच्यावर अन्याय" हे पालुपद मला आवडत नाही, पण प्रश्न खोटा नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गातात तेव्हा तो माणूस नट आहे हेच विसरायला होतं, आणि गौरी यांची आवली समोर असते ती त्याच भक्तीची रोजच्या पोटापाण्याच्या बाजूने उलटतपासणी घ्यायला. देवळात विठोबाला वहाण दाखवणारी बायको हा आमच्या सिनेमाने जगाला दिलेला एक अस्सल क्षण आहे. अभंगातली भाषा सबटायटलमध्ये कितपत पोहोचेल, हा प्रश्न आहेच. पण ओझूंची जपानी आणि राय यांची बंगालीसुद्धा सबटायटलमधूनच पोहोचली. त्यांच्यामागे प्रती होत्या, महोत्सव होते, सिनेमावर इंग्रजीत लिहिणारी माणसं होती.

आमच्या शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. प्रभातच्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. तरी परदेशातल्या कुणी मित्राने "तुमचा एखादा जुना मराठी सिनेमा चांगल्या प्रतीत, सबटायटलसह पाठव" म्हटलं की मी दर वेळी दोन दिवस शोधत बसतो. 'कोर्ट'सारखा अलीकडचा लगेच सापडतो, जुन्यांची मारामार. मत मिळायला आधी सिनेमा दिसावा लागतो.

प्रेक्षक सिनेमांना गुण देतात त्या आयएमडीबी या वेबसाइटवर 'द शॉशँक रिडेम्प्शन' पहिला आहे. लाखो लोक चूक आणि हजार समीक्षक बरोबर?

दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे आहेत. समीक्षकांना विचारतात "दहा नावं सांगा". आयएमडीबीवर विचारतात "या एका सिनेमाला दहापैकी किती गुण?". पहिल्या पद्धतीत कुणाला सिनेमा अजिबात आवडला नाही तरी त्याचं काही बिघडत नाही, फक्त मत मिळत नाही. दुसऱ्या पद्धतीत नावडीचाही एक गुण मोजला जातो. त्यामुळे तिथे वर राहतो तो कुणालाच न खुपणारा सिनेमा, आणि 'झान डीलमान'सारखा टोकाचा खाली जातो. शिवाय थोड्या मतांवर फुगलेला आकडा खाली ओढायला ते सगळ्या सिनेमांची सरासरी त्यात मिसळतात.

'शॉशँक'ची कहाणीही 'केन'सारखीच आहे बघा. १९९४ मध्ये थिएटरात पडला, ऑस्करची सात नामांकनं आणि एकही बाहुली नाही. मग व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागून घराघरांत पोहोचला.

रॉटन टोमॅटोजचे १०० टक्के म्हणजे काय?

ही समीक्षणं गोळा करणारी वेबसाइट. शंभर टक्के समीक्षणं "बरा आहे" किंवा त्याहून चांगली, एवढंच. किती चांगला, ते त्यात नाही. २०२१ मध्ये 'सिटिझन केन'चं १९४१ मधलं एक नाराजीचं समीक्षण कुणीतरी शोधून तिथे चढवलं आणि तो १०० वरून ९९ वर आला. ऐंशी वर्षांनी! आणि काही आठवडे मार्मालेड खाणाऱ्या अस्वलाचा 'पॅडिंग्टन २' त्याच्या वर होता. मी दोन्ही सिनेमे पाहिलेत, अस्वलाबद्दल माझी काही तक्रार नाही.

यादीत क्रमांकाला किती महत्त्व द्यावं?

वरच्या दहा-पंधरांत थोडं, खाली जवळपास नाही. २०२२ मध्ये ९५ व्या जागेवर एकाच वेळी अनेक जण बरोबरीत आहेत. त्यांत बस्टर कीटनचा १९२६ चा 'द जनरल' आहे आणि २०१७ चा 'गेट आउट'ही. एकदोन मतं इकडची तिकडे झाली असती तर त्यातला एखादा बाहेर असता आणि आपण त्याच्या अन्यायावर लेख लिहिले असते.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या १९९८ आणि २००७ च्या याद्या शेजारी ठेवून बघा. 'द सर्चर्स' ९६ वरून १२ वर, 'व्हर्टिगो' ६१ वरून ९ वर. नऊ वर्षांत. सिनेमे तेच.

नवा माणूस या शंभरांतून सुरुवात कुठून करू?

पहिल्यापासून नको. 'झान डीलमान'ने सुरुवात केलेले दोन जण पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. 'सिंगिंग इन द रेन' (दहावा) घरच्यांबरोबर बघा. मग 'बायसिकल थीव्ज', दीड तासाचा आहे. मग 'पथेर पांचाली', पण नव्या प्रतीतच. 'टोकियो स्टोरी' आईवडील गावी असतील तर एकट्याने बघू नका, किंवा बघा आणि नंतर फोन लावा.

तुमची स्वतःची दहा नावं?

आठ ठरली आहेत. नवव्या जागेसाठी 'लॉरेन्स' आणि 'संत तुकाराम' यांच्यात दोन वर्षं निकाल लागत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ती झाकणवाली बाई घातलीस का?"

पुढची यादी कधी?

रिवाजाप्रमाणे २०३२ मध्ये.